मुखवटा घालणाऱ्याचाच

2021 पर्यंतची काही वर्षं मेक्सिको सिटीच्या आरेना मेक्सिको या कुस्तीच्या आखाड्यात एक अन्याय उघड्या डोळ्यांसमोर चालू होता. ज्या पैलवानानं मिस्तिको हे नाव देशभर गाजवलं, तो तिथे कारिस्तिको या नावानं रिंगमध्ये उतरत होता. आणि त्याच इमारतीत, त्याच कुस्ती कंपनीच्या जाहिरातींवर, मिस्तिको म्हणून ज्याचा पुकारा व्हायचा तो माणूस दुसराच होता. नाव दोन अक्षरांनी वेगळं, मुखवटे जवळजवळ सारखे. प्रेक्षकांना खरं काय ते ठाऊक होतं, कंपनीलाही ठाऊक होतं, फक्त कागदावर मिस्तिको या नावाचा मालक कंपनी होती.

मला वाटतं, मुखवटा आणि त्याबरोबरचं नाव ही ते घालून अंग मोडून घेणाऱ्या माणसाची मिळकत आहे. कंपनीला ती ठरावीक मुदतीसाठी, मोबदला देऊन वापरता यावी. मालकी मिळू नये. हा प्रश्न मेक्सिकोतल्या करमणुकीपुरता वाटेल, पण कामगाराच्या कष्टातून उभं राहिलेलं नाव कुणाच्या खात्यावर जमा व्हावं, असा तो मुळात आहे. मुखवट्याच्या बाबतीत तो अधिक तीव्र होतो, कारण चेहरा झाकलेल्या माणसाच्या जागी दुसरा माणूस उभा करणं फार सोपं असतं.

आपल्याकडे दारासिंगच्या काळात ज्याला 'फ्रीस्टाईल' म्हणत, त्याच जातीचा हा खेळ. मेक्सिकोत त्याला लुचा लिब्रे म्हणतात. साल्वादोर लुतेरोथ या गृहस्थानं 21 सप्टेंबर 1933 रोजी मेक्सिको सिटीत पहिला कार्यक्रम लावला आणि त्यातून उभी राहिलेली कंपनी आज सीएमएलएल या नावानं चालू आहे. जगातली ही सगळ्यात जुनी चालू कुस्ती कंपनी. मराठी घरांतल्या पोरांनी टेन स्पोर्ट्सवर रे मिस्टेरिओ हा पैलवान पाहिला, त्याच्या चित्राचे पत्ते जमवले. तो कॅलिफोर्नियात जन्मलेला, पण त्याची उडी, त्याचा मुखवटा, त्याचं नावसुद्धा या मेक्सिकन परंपरेतून, तिहुआनात लढणाऱ्या त्याच्या मामाकडून आलेलं.

मुखवट्याची सुरुवात एका चांभाराच्या हातून झाली. 1934 च्या सुमारास एका अमेरिकन पैलवानाला चेहरा झाकायचा होता. लेओन गावचा अंतोनियो मार्तिनेस हा मेक्सिको सिटीत पैलवानांचे बूट शिवायचा. त्यानं त्याच्या डोक्याचं माप घेऊन चामड्याचा मुखवटा शिवून दिला. पहिला नीट बसला नाही, मग मार्तिनेसनं माप घ्यायची रीत सुधारली आणि पुढे त्याच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या मुखवटे शिवले. मुखवटा सुरुवातीपासून एका विशिष्ट डोक्याच्या मापानं शिवला जात होता, हे मला महत्त्वाचं वाटतं.

पुढे त्याभोवती नियम तयार झाले. दोन पैलवान मुखवटे पणाला लावतात, हरणारा रिंगच्या मधोमध उभा राहून मुखवटा काढतो आणि आपलं खरं नाव, गाव आणि किती वर्षं लढतोय ते सर्वांसमोर सांगतो. हरलेला मुखवटा पुन्हा चढवायचा नाही. म्हणून मी या लेखात मिस्तिकोचं जन्मनाव लिहिणार नाही. शोधणाऱ्याला ते सापडतं. पण तो मुखवटा हरलेला नाही, आणि न हरलेल्या माणसाचा चेहरा उघडा करण्याचा हक्क मला नाही.

कुणी म्हणेल, निकाल आधी ठरलेला असतो, मग यात एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय? निकाल ठरलेला असतो हे खरं. दोरीवरून बाहेर घेतलेली उडी मात्र ठरवून हलकी होत नाही, आणि मेक्सिकोतल्या रिंगची फळी चांगलीच कडक असते. बहुतेक लुचादोरांना, म्हणजे लुचा लिब्रेच्या पैलवानांना, ठरावीक पगार नसतो, लढतीमागे पैसे मिळतात, आणि नाव चाललं तरच पुढची लढत मिळते. नाव हेच भांडवल असलेल्या माणसाकडून नाव काढून घेणं म्हणजे त्याची इतक्या वर्षांची मजुरी मागाहून परत घेणं.

आज जे चाललं आहे ते परंपरेनुसारच आहे, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. एल सांतो हा लुचा लिब्रेचा सर्वांत मोठा नायक. तुलान्सिंगो गावात 1917 मध्ये जन्मलेला रोदोल्फो गुस्मान उएर्ता. चंदेरी मुखवटा घालण्याआधी तो काही काळ 'मुर्सिएलागो दुसरा' या नावानं लढत होता. हेसुस वेलास्केस हा मूळ मुर्सिएलागो, म्हणजे वटवाघूळ, तेव्हा जोरात होता. त्यानं मुष्टियुद्ध आणि कुस्ती आयोगाकडे तक्रार केली की माझ्या नावावर हा दुसरा माणूस का लढतोय? आयोगानं त्याची बाजू घेतली आणि गुस्मानला ते नाव सोडावं लागलं. त्यानंतर 1942 मध्ये त्यानं सांतो हे नाव घेतलं. लुचा लिब्रेचा सगळ्यात मोठा नायक जन्माला आला तोच मुळी एका पैलवानाचा नावावरचा हक्क मान्य झाल्यामुळे. त्या वेळी आयोगापुढे हक्क सांगायला कंपनी गेली नव्हती, पैलवान गेला होता. ही परंपरा आहे, आणि मला वाटतं तीच पुन्हा उचलून धरायला हवी.

सांतोनं चाळीस वर्षं तो मुखवटा सांभाळला. 50 हून अधिक चित्रपटांत तो मुखवट्यासकट नायक होता. जानेवारी 1984 मध्ये दूरचित्रवाणीच्या एका कार्यक्रमात त्यानं क्षणभर मुखवटा थोडासा वर उचलला, 5 फेब्रुवारीला तो गेला आणि त्याला मुखवट्यासहच पुरलं. पण त्याच्यासारख्यालाही आपला मुखवटा दुसऱ्याच्या डोक्यावर बघावा लागला. होसे क्रूस यांनी 1952 पासून सांतोची चित्रकथा चालवली होती, छायाचित्रं जोडून बनवलेली, अफाट खपाची. दोघांचं बिनसल्यावर क्रूस यांनी कपाळावर 'एस' अक्षर असलेला मुखवटा एका दुसऱ्याच पिळदार माणसाला घातला आणि चित्रकथा तशीच चालू ठेवली. प्रकरण कोर्टात गेलं. सांतोकडे लढायला पैसा होता, वकील होते आणि देशभरची माया होती. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही त्यानं काय करायचं?

1992 मध्ये अंतोनियो पेन्या सीएमएलएलमधून बाहेर पडले आणि त्यांनी एएए ही कंपनी काढली. पेन्या हे विलक्षण कल्पक गृहस्थ होते, हे मान्य केलंच पाहिजे. पात्रं, वेश, संगीत, कथा यांचा त्यांच्याकडे तोटा नव्हता. याच काळात पात्र ही कंपनीची नोंदणीकृत मालमत्ता, ही पद्धत पक्की झाली. ला पार्का हे त्यांच्या कारकिर्दीतलं गाजलेलं पात्र. अंगभर सांगाड्याचे पट्टे, हातात खुर्ची, रिंगमध्ये नाच. अदोल्फो तापिया यानं ते उभं केलं आणि तो अमेरिकेत डब्ल्यूसीडब्ल्यू या कुस्ती कंपनीत जाऊन तिथेही लोकप्रिय झाला. त्याच्या मागे एएएनं तोच वेश दुसऱ्या पैलवानाला दिला, आधी 'ज्युनियर' म्हणून, मग ज्युनियरही गळलं. मूळ माणूस परतला तेव्हा त्याला ला पार्का म्हणवून घ्यायची मनाई झाली. तेव्हापासून तो एल. ए. पार्क. 2010 च्या त्रिप्लेमानिया या कार्यक्रमात दोघांची झुंज लागली आणि पणाला लावलं होतं ते नाव. रिंगमध्ये एल. ए. पार्क जिंकला. नाव त्याला मिळालं नाही, तो आजही एल. ए. पार्कच आहे.

दुसऱ्या ला पार्काची गोष्ट अधिक दुःखाची. त्यानं वीसहून जास्त वर्षं तो सांगाडा अंगावर वागवला. तो नकली होता असं म्हणणं त्याच्यावर घोर अन्याय ठरेल. ऑक्टोबर 2019 मध्ये मोंतेरेयला त्यानं दोऱ्यांमधून बाहेर झेप घेतली, पाय अडकला, डोकं कठड्यावर आपटलं, मानेला जबर इजा झाली. 11 जानेवारी 2020 रोजी एर्मोसिओला तो गेला, वयाच्या 54 व्या वर्षी. म्हणजे एका नावासाठी दोन माणसांनी आयुष्यं खर्ची घातली. एकाला ते लावता येत नव्हतं, दुसऱ्यानं ते लावून मान मोडून घेतली, आणि दोघांपैकी कुणीही त्याचा मालक नव्हता.

आता मिस्तिको. त्याचा जन्म 1982 चा. वडील डॉक्टर कारोंते या नावाचे लुचादोर. मुलगा कोवळ्या वयात रिंगमध्ये उतरला, आधी डॉक्टर कारोंते ज्युनियर, मग अ‍ॅस्ट्रो बॉय. 2004 मध्ये सीएमएलएलनं त्याला मिस्तिको हे पात्र दिलं आणि सोबत एक गोष्ट दिली: हा अनाथ पोर, फ्राय तोर्मेंता यांनी वाढवलेला. फ्राय तोर्मेंता हे खरेखुरे कॅथलिक धर्मगुरू. अनाथाश्रमाचा खर्च भागवण्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षं सोनेरी मुखवटा घालून कुस्त्या केल्या होत्या. मिस्तिकोची अनाथपणाची गोष्ट रचलेली होती, पण ती एका खऱ्या माणसाच्या खऱ्या चांगुलपणावर रचली होती, आणि लोकांनी ती मनापासून स्वीकारली.

गोष्ट कंपनीनं दिली. पुढचं त्यानं केलं. त्या मुखवट्याखालचा माणूस ज्या वेगानं फिरायचा तो वेग कुणी नोंदणी कार्यालयात जाऊन आणला नव्हता. प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यांवर चढून, त्याच्या मानेभोवती गरगर फिरून, खाली येता येता थेट हाताची पकड लावायची, हा त्याचा शेवटचा डाव 'ला मिस्तिका'. आज जगभर तो त्याच नावानं ओळखला जातो. शुक्रवारी रात्री आरेना मेक्सिको, जिथे साडेसोळा हजारांच्या आसपास लोक बसतात, त्याच्यासाठी पुन्हा पुन्हा गच्च भरू लागली. 29 सप्टेंबर 2006 ला कंपनीच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात त्यानं ब्लॅक वॉरियरचा मुखवटा जिंकला. त्या वर्षी अमेरिकेतल्या रेसलिंग ऑब्झर्व्हर या वार्तापत्रानं त्याला जगातला वर्षातला सर्वोत्तम पैलवान ठरवलं. मरगळलेल्या कंपनीला त्यानं जवळजवळ एकट्यानं उभं केलं, असं म्हणायला मला संकोच वाटत नाही.

2011 च्या फेब्रुवारीत डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन कुस्ती कंपनीनं त्याला करारबद्ध केलं. एप्रिलमध्ये तो सिन कारा या नावानं अमेरिकन पडद्यावर आला. मिस्तिको हे नाव सोबत नेता येणार नव्हतं, कारण ते त्याचं नव्हतंच. तिथे त्याचं फारसं जमलं नाही. याची कारणं सांगताना बरेच लोक त्याच्या स्वभावावर आणि आळसावर येतात. मला ते अर्धवट वाटतं. मेक्सिकोत पैलवान प्रतिस्पर्ध्याच्या उजव्या हाताच्या, उजव्या बाजूच्या पकडी घेतात, अमेरिकेत डाव्या. ज्यानं बालपणापासून शरीराला एका बाजूची सवय लावली, त्याला तिशीजवळ ती उलटी करायला सांगणं, तेही भाषा येत नसताना आणि थेट मुख्य कार्यक्रमात, ही त्याच्यावर सोपवलेली अडचण होती. त्यातून चुका झाल्या, दुखापती झाल्या. जुलै 2011 मध्ये कंपनीच्या औषधचाचणी धोरणाखाली त्याला 30 दिवसांसाठी निलंबित केलं गेलं. त्याची शिक्षा त्याला मिळणं रास्त होतं.

पुढे जे घडलं त्यात या सगळ्या व्यवस्थेचं खरं रूप दिसतं. तो घरी बसला असताना कंपनीनं उनिको या नावानं लढणाऱ्या पैलवानाला सिन काराचा मुखवटा चढवून रिंगमध्ये पाठवलं. पहिल्यांदा काही सांगितलं नाही. लोकांनी मात्र शरीराची ठेवण आणि हालचाली पाहून लगेच ओळखलं. मग त्याचीच गोष्ट केली गेली: निळा सिन कारा आणि काळा सिन कारा, खरा कोण? ऑक्टोबर 2011 मध्ये मेक्सिको सिटीत दोघांची मुखवट्यावर झुंज लावली, निळा जिंकला. पुढच्याच महिन्यात निळ्याचा गुडघ्याचा स्नायुबंध तुटला आणि तो अनेक महिने बाहेर राहिला. 2013 संपता संपता कंपनीनं पुन्हा तोच मार्ग घेतला. उनिको कायमचा सिन कारा झाला, मूळ सिन काराला नारळ मिळाला. ज्याच्याशी त्यानं आपल्या मुखवट्यासाठी झुंज दिली आणि जिंकली, त्याच्याच डोक्यावर तो मुखवटा गेला. मेक्सिकन परंपरेत याच्याइतकी मोठी थट्टा दुसरी नसेल. पुढे उनिकोनं 2019 मध्ये कंपनी सोडली तेव्हा त्यालाही सिन कारा हे नाव मागे टाकावं लागलं.

इकडे मेक्सिकोत 2012 मध्येच सीएमएलएलनं मिस्तिकोचा मुखवटा एका तरुण पैलवानाला दिला होता. मूळ माणूस 2014 मध्ये परतला तेव्हा तो एएएकडे गेला. तिथे त्याचं नाव पडलं मिस्तेसिस. त्याचंही तेच झालं. तो 2015 मध्ये ती कंपनी सोडून गेला आणि पुढे एएएनं मिस्तेसिस ज्युनियर हा नवा मुखवटाधारी आणला, ज्याचं मूळ माणसाशी काही नातं नव्हतं. मग मूळ माणसानं सिन कारा आणि मिस्तिको या दोन नावांचे तुकडे जोडून कारिस्तिको केलं आणि जुन्या कंपनीच्या दारात परत गेला. ऑगस्ट 2021 मध्ये दुसऱ्या मिस्तिकोनं सीएमएलएल सोडली, तेव्हा कुठे पहिल्याला त्याचं नाव परत मिळालं. तीन वेगवेगळ्या कंपन्यांनी याच एका माणसाची तीन रूपं दुसऱ्यांना वाटून दिली.

नाव परत मिळाल्यावर काय झालं तेही बघण्यासारखं आहे. चाळिशी ओलांडलेला हा माणूस पुन्हा आरेना मेक्सिकोचा सर्वांत मोठा नायक झाला. सप्टेंबर 2025 मध्ये कंपनीच्या 92 व्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात अमेरिकेच्या एमजेएफ या पैलवानाविरुद्ध त्यानं मुखवटा पणाला लावला, समोरून विजेतेपद पणाला होतं, आणि तो जिंकला. नाव हे निव्वळ कापड आणि कागद असतं, तर मधली नऊ वर्षं दुसऱ्यानं ते घालूनही तेवढंच चाललं असतं. दुसरा मिस्तिको हा गुणी पैलवान होता, त्याची मेहनत मी कमी लेखत नाही. पण लोकांचं जे प्रेम 2006 मध्ये होतं ते मुखवट्याच्या आतल्या माणसावर होतं, आणि तो आत परतल्यावर तेही परतलं.

कंपन्यांची बाजू ऐकायलाच हवी, कारण ती पोकळ नाही. रिंगभोवती आरेना लागते, जाहिरात लागते, दूरचित्रवाणीवरची वेळ लागते, शिकवणारे गुरू लागतात. मिस्तिकोची कल्पना, त्याची गोष्ट, त्याचं शुक्रवारचं स्थान, हे कंपनीनं पुरवलं. उद्या प्रत्येक पैलवान नाव घेऊन समोरच्या कंपनीकडे गेला तर नव्या पोरावर पैसे कोण लावेल? शिवाय मुखवटा एका माणसाहून मोठा असू शकतो. 1985 च्या भूकंपानंतर मेक्सिको सिटीत घरं गेलेल्यांच्या चळवळीत सुपरबारियो नावाचा लाल-पिवळ्या मुखवट्याचा माणूस उभा राहिला. भाडेकरूंना घराबाहेर काढायला माणसं आली की तो आडवा यायचा. तो मुखवटा एकाच व्यक्तीचा असावा असा आग्रह कुणी धरला नाही आणि धरायची गरजही नव्हती.

पण सुपरबारियोचा मुखवटा चळवळीनं जाणीवपूर्वक सामाईक ठेवला होता. त्यावर कुणी पैसे कमवत नव्हतं. मुखवटा सामाईक ठेवायचा की नाही, हे तो घालणाऱ्यांनी ठरवलं होतं. मिस्तिकोच्या बाबतीत ते कंपनीनं ठरवलं आणि आरेनाबाहेरच्या टपऱ्यांवर विकल्या जाणाऱ्या मुखवट्यांसकट सारा व्यवहार त्या निर्णयावर चालला. आणि गुंतवणुकीचं म्हणाल तर तिची भरपाई मुदतीच्या करारानं होऊ शकते. कंपनीनं पाच वर्षं, सात वर्षं नाव वापरावं, तेवढ्यात घातलेले पैसे वसूल करावेत. अनंत काळची मालकी कोणत्याही गुंतवणुकीची भरपाई म्हणून मागता येत नाही.

मेक्सिकोच्या कायद्यातच याला वाट आहे. 1996 च्या लेखाधिकार म्हणजे कॉपीराइट कायद्यात 'हक्कांची राखीव नोंद' अशी तरतूद आहे. नियतकालिकांची नावं, कलावंतांची नावं, तसंच माणसानं वठवलेली पात्रं, यांचं नाव आणि वेगळेपण दाखवणारी शारीरिक व मानसिक वैशिष्ट्यं तिथे राखून ठेवता येतात. पात्रासाठी ही नोंद पाच वर्षांची असते आणि वापर चालू आहे हे दाखवलं की वाढवून मिळते. आता विचार करा, शारीरिक वैशिष्ट्यं कुणाच्या शरीराची? आणि तो 'वापर' कुणी केला? दर पाच वर्षांनी कंपनी ज्या पुराव्याच्या जोरावर नूतनीकरण मागते, तो पुरावा म्हणजे पैलवानाच्या लढती. असं असेल तर नोंदीत त्या पैलवानाचं नाव सहहक्कदार म्हणून असणं, आणि त्याच्या लेखी संमतीशिवाय तो मुखवटा दुसऱ्याला न देणं, ही अट घालायला नवा कायदा लिहावा लागत नाही, आहे त्यात एक कलम वाढवावं लागतं. मेक्सिको सिटीनं 2018 मध्ये लुचा लिब्रेला शहराचा अमूर्त सांस्कृतिक वारसा जाहीर केलं. ज्या शहरानं वारसा म्हणून मान दिला, त्या शहरानं तो वारसा अंगावर वागवणाऱ्यांना रस्त्यावर सोडू नये.

इथे दुसऱ्या मिस्तिकोचं काय, हा प्रश्न टाळता येत नाही. त्यानंही नऊ वर्षं त्या नावावर घाम गाळला आणि जाताना त्याला ड्रालिस्तिको हे नवं नाव घ्यावं लागलं. माझ्या म्हणण्यानुसार त्याचा हक्क कुठे गेला? माझं उत्तर असं की त्याच्यावर अन्याय झाला तो 2012 मध्येच, त्याला दुसऱ्याचं नाव दिलं तेव्हा. त्या वयाच्या पोरानं नकार द्यावा अशी अपेक्षा कुणी करू नये; मिस्तिको व्हायला कोण नाही म्हणेल? त्याला स्वतःचा मुखवटा दिला असता तर 2021 मध्ये तो पूर्ण घेऊन बाहेर पडला असता. दोघांनाही एकाच नावात कोंबून कंपनीनं दोघांचीही पंचाईत केली. मूळ माणसाची संमती आवश्यक असती तर हे घडलंच नसतं.

वारशाबाबत मात्र मी तितका ठाम नाही. सांतोच्या मुलानं वडिलांचा मुखवटा घातला, तो उत्तम लढला, आणि नाव कुणी लावायचं यावरून घराण्यातच पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या. बापानं कमावलेलं नाव मुलाला मिळावं हे नैसर्गिक आहे, पण ते एकाच मुलाला का, आणि नातवानं काय करायचं, याचं समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही. एवढं मात्र नक्की की तो वाद रक्ताच्या माणसांमध्ये चालला आहे, कुणा भागधारकांच्या बैठकीत नाही.

मालकी नसली की किती असहाय व्हावं लागतं ते रे मिस्टेरिओच्या उदाहरणातून कळतं. फेब्रुवारी 1999 मध्ये डब्ल्यूसीडब्ल्यूनं त्याला मुखवटा हरायला लावला. त्याला ते मान्य नव्हतं आणि पुढे त्यानं ते उघड सांगितलं. मेक्सिकोत मुखवट्याची झुंज म्हणजे अनेक महिने रंगवलेलं, त्या पैलवानाच्या आयुष्यातलं सर्वांत मोठ्या कमाईचं आणि सन्मानाचं प्रकरण. इथे अमेरिकन व्यवस्थापनाला वाटलं की चेहरा दिसला तर तो जास्त विकला जाईल, आणि काम झालं. 2002 मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईत गेल्यावर त्यानं मुखवटा पुन्हा घातला. हरलेला मुखवटा परत घातला म्हणून मेक्सिकोत त्याला नावं ठेवणारे आहेत. मी त्यांच्याशी सहमत नाही. जो मुखवटा त्यानं स्वतःच्या मर्जीनं पणाला लावला नाही, तो तो हरला असं मी मानत नाही.

हे सगळं आताच का बोलायचं? एप्रिल 2025 मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईनं फिलिप या मेक्सिकन कंपनीच्या भागीदारीत एएए विकत घेत असल्याचं जाहीर केलं. म्हणजे पेन्या यांच्या काळापासून कंपनीच्या नावावर नोंदलेली मुखवट्यांची, नावांची, पात्रांची सगळी पोतडी एका अमेरिकन कंपनीच्या हातात गेली आहे. सिन काराचा मुखवटा जिनं दुसऱ्याला चढवला, तीच ही कंपनी. या पोतडीत कुणाकुणाची कारकीर्द आहे, ती घालणाऱ्यांना विचारलं गेलं का, त्यांना मोबदल्यात काय मिळतंय, हे मेक्सिको सिटीच्या कुस्ती आयोगानं जाहीरपणे विचारायला हवं. 1942 च्या सुमाराला वटवाघळाची तक्रार ऐकून निर्णय देणारं आयोगच होतं. आता त्यांनी परवाना देताना प्रत्येक मुखवट्यापुढे तो घालणाऱ्याचं नाव गोपनीय नोंदवहीत लिहावं, त्या माणसाची सही असल्याशिवाय त्याच नावानं दुसऱ्याला परवाना देऊ नये, आणि इजा होऊन घरी बसलेल्या पैलवानाच्या जागी त्याचाच मुखवटा घालून कुणी उतरला तर तो कार्यक्रम थांबवावा. आयोगाची हद्द शहरापुरती आहे हे खरं. पण आरेना मेक्सिको त्याच हद्दीत आहे, आणि कोणतीही कंपनी मोठी झाली तरी तिला तिथे परवाना मागायला यावंच लागतं.